तांबड्या दगडातलं बिऱ्हाड

बाई दगड जिभेला लावायच्या.

अगदी सहज. काकडी कडू आहे का ते बघायला आपण टोक चाखतो ना, तसं. कुठलाही खडा हातात आला की आधी तो उन्हात फिरवून बघायचा, फुंकर मारायची, पदराने पुसायचा आणि जिभेच्या टोकाला टेकवायचा. मग डोळे मिटून क्षणभर थांबायचं. खडा सुटून आला की त्या म्हणायच्या, "दगड," आणि टाकून द्यायच्या. पण चिकटून राहिला की डोळे एकदम मोठे व्हायचे आणि जीभ अडकलेली असल्यामुळे त्या बोबडं ओरडायच्या, "हाल! हाल आहे!"

हाड. जुन्या हाडाला बारीक बारीक भोकं असतात, ती ओल ओढून घेतात, म्हणून ते जिभेला धरतं. साधा दगड धरत नाही. हे आम्हाला पुढे कळलं. काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत, आमच्याच घराच्या माडीवर त्या राहायला आल्या तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं, की युनिव्हर्सिटीत शिकवणारी, नागपूरची, एकटी राहणारी बाई वरच्या खिडकीत बसून पत्थर चाटते.

"अगं, सच सांगते, पत्थर चाटते ती!" समोरच्या काकूंनी येऊन माझ्या आईला सांगितलं. "आणि हाड असेल तर खूश होते!"

तुम्ही काशीतली मराठी घरं पाहिली असतील तर तुम्हाला या बातमीचं वजन कळेल. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. आत सोवळंओवळं, बाहेर सगळं जग. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पंचगंगा घाटावर पौरोहित्य करीत. आमच्याकडे पाण्याच्या लोट्याला कुणी तोंड लावलं तर तो घासून पुन्हा भरला जाई. तिथे हे. आई धास्तावून आप्पांकडे बघत होती. आप्पांनी जानवं खांद्यावर सारखं केलं आणि विचारलं, "कुणाचं हाड?"

"ते कुठं माहीत आहे?" काकू म्हणाल्या.

"मग आधी ते विचारा."

विचारायला मला पाठवलं. मी तेव्हा चित्रकलेचं शिक्षण संपवून घरात बसले होते, म्हणजे खरं तर माझ्या लग्नाची वाट बघत सगळं घर बसलं होतं. मी खिचडीची ताटली घेऊन वर गेले. बाईंनी खिचडी खाल्ली, ताटली धुऊन परत दिली आणि माझ्या बोटांवरचे शाईचे डाग बघून म्हणाल्या, "चित्रं काढतेस?"

"हो."

"टिंबं काढता येतात?"

"टिंबं?"

"नुसत्या टिंबांनी चित्र. रेघ फार खोटं बोलते गं. आहे त्यापेक्षा ठाम बोलते. टिंब त्या मानाने कमी बोलतं."

हाडाचं विचारायचं राहूनच गेलं. महिन्याभरात मी त्यांच्या भूगर्भशास्त्राच्या विभागात चित्रकार म्हणून लागले. मैदागिनच्या चौकातून टेंपोत दाटीवाटीने बसून आम्ही दोघी युनिव्हर्सिटीच्या दाराशी, लंका चौकापर्यंत जायचो. बाई सुती साडी, पायात पुरुषी चप्पल, काखेला शबनम. टेंपोवाला भरधाव निघाला की त्या पुढे वाकून त्याच्या खांद्याला बोट लावायच्या. "भैया, जल्दी नहीं है." टेंपोवाल्याला असायची. बाईंना नसायची.

*

त्यांच्या खोलीत लांबलचक खणांची कपाटं होती, खिडकीबाहेर कडुनिंब होता, आणि टेबलावर ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी फडकं काढलं आणि त्या बाजूला झाल्या.

पोळपाटाएवढा एक तांबडा दगड. चंद्रपूरच्या पुढे, गोदावरीच्या खोऱ्यात त्यांना तो बऱ्याच वर्षांपूर्वी सापडला होता. आधी मला दगडच दिसला. मग दगडात एक डोळा दिसला. डोळा म्हणजे डोळ्याची खाच. मग तिच्याभोवती डोकं दिसलं, रुंद, चपटं, अर्ध्या वितीएवढं. मग मान. मग मण्यांची माळ वळत जावी तसा पाठीचा कणा, आणि तो वळत वळत पुन्हा दगडात शिरत होता, जसं कुणी गोधडीत शिरतं.

मी हात मागे घेतला. का ते सांगता येणार नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीत चुकून शिरल्यासारखं वाटलं.

"पंचवीस कोटी वर्षं झाली," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कमी नाही, थोडी जास्तच. एवढ्या वेळात याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मग मी बघितलं. आता तू."

"डायनासोर?" मी विचारलं.

"छे! डायनासोर कालची पोरं. हे त्यांच्या कितीतरी आधीचे. सरपटणाऱ्यांचं जे पहिलं घराणं, त्या घराण्यातले."

पहिलं म्हणजे काय, ते त्यांनी मला आमच्याच भाषेत समजावून दिलं. त्याआधीचे सगळे चार पायांचे जीव बेडकासारखे. जमिनीवर फिरायचे, पण अंडी घालायला पाण्याकडे परतायचे. पाण्याची दोरी गळ्यात होतीच. या घराण्याने ती दोरी सोडली. "तुझे आप्पा यात्रेकरूंना गंगाजल कसं देतात? तांब्याच्या गडूत, तोंड झाळून बंद करून. तो गडू घेऊन माणूस थेट रामेश्वरला जातो, गंगा सोबत असते. या लोकांनी तेच केलं. कवचात पाणी बंद केलं, त्यात पिल्लू ठेवलं, आणि जमिनीवर निघाले. मग कुठंही जा."

प्राण्यांना त्या 'लोक' म्हणायच्या.

मला तो दगड बघताना पहिल्यांदा जी भीती वाटली होती ती त्या दिवशी गेली, आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं. मी घाटावर वाढलेली मुलगी. आमच्याकडे सगळंच प्राचीन. देऊळ प्राचीन, पायरी प्राचीन, अगदी समोरच्या काकूंची भांडणंही आजेसासूच्या काळातली. पण हे प्राचीन वेगळं होतं. याला आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. गंगा नव्हती तेव्हाचं ते होतं. हिमालय नव्हता तेव्हाचं.

घरी येऊन मी हे बोलले तेव्हा काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असेल. पण काशी त्याच्याही आधीची." मी बाईंना सांगितलं. बाई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "काकूंना म्हणावं, काशीही कालचीच हो." हे मी काकूंना सांगितलं नाही. पण कुणीतरी सांगितलं, आणि संक्रांतीला काकूंनी बाईंना तिळगूळ दिला तो बोटभर लांबून.

*

काम म्हणजे काय, तर सुई.

शिवणयंत्राची सुई लाकडी दांड्यात बसवायची, सूक्ष्मदर्शकाखाली दगड ठेवायचा, आणि हाडाभोवतीचा तांबडा दगड कणाकणाने टोकरायचा. कण सुटला की ब्रशने झटकायचा. हाड उघडं पडलं की त्यावर पातळ डिंक सोडायचा. पुन्हा सुई. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाईंनी टोकरलं तर तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी व्हायची. एका पंजाला एक अख्खा हिवाळा गेला. मी शेजारी बसून जेवढं उघडं पडेल तेवढं टिंबांनी कागदावर उतरवायची.

"बाई, छिन्नीने नाही का होणार भराभर?" मी एकदा विचारलं.

"घाई नको. त्याला नाही, मग आपल्याला कशाला?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विद्यार्थी परीक्षेच्या आधी धावत आले की हे वाक्य. लाइट गेली, पंखा थांबला, सगळा विभाग ओरडायला लागला की हे वाक्य. मला बघायला पुण्याकडची मंडळी आली आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हवं म्हणाली, तेव्हा बाई जिना उतरून आल्या, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "घाई नको हो." आईने पुष्कळ दिवस तो राग धरला. मी धरला नाही.

टोकरताना त्या दगडाशी बोलायच्या. "सरक बाबा जरा." "हं, आता कोपर दाखव." एकदा जबडा मोकळा झाला आणि त्यात दातांच्या रांगा दिसल्या, एकीला लागून दुसरी, मक्याच्या कणसासारख्या. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. दात झिजलेले होते. काहीतरी चावून चावून झिजलेले. माणसाचे झिजतात तसे. मला एकदम वाटलं, की हा जीव होता. सांगाडा नव्हे, जीव. याला भूक लागायची.

मी वर बघितलं तेव्हा बाई माझ्याकडे बघत होत्या. "कळलं?" म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली.

*

आधी चहा बशीत सांडायला लागला.

मग खडूने फळ्यावर लिहिलेलं लहान लहान होत गेलं. मग एक दिवस सुई हाडाला लागली. ओरखडा इतका बारीक होता की मला दिसलाही नाही. बाईंनी सुई खाली ठेवली, उजवा हात डाव्या हातात धरला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. धरलेला हात आतल्या आत हलत होता.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बाईंनी तो शब्द घरी येऊन आम्हाला असा सांगितला जसं कुणा नव्या पाहुण्याचं नाव सांगावं. "हात ऐकत नाही आता. पाय पण थोड्या दिवसांनी ऐकणार नाहीत म्हणे."

निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. दगडाचा एक कोपरा अजून तसाच होता. शेपटी जिथे पोटाकडे वळत होती तिथे, आणि पुढचा डावा पंजा छातीखाली गेला होता तिथे. विभागप्रमुख चांगले गृहस्थ होते. ते येऊन म्हणाले, "मैडम, जितना हुआ है, बहुत है. बाकी रख दीजिए, आगे कोई कर लेगा." बाई "जी" म्हणाल्या. ते गेल्यावर त्यांनी दगडावर फडकं घातलं. ओलं करायला विसरल्या.

आठवडाभर दगड झाकलेलाच राहिला. मी जुनी चित्रं नीट करत बसायची. मग एका सकाळी मी पोचले तेव्हा फडकं काढलेलं होतं आणि सूक्ष्मदर्शकासमोर माझं स्टूल होतं.

"बस," बाई म्हणाल्या.

"मी?"

"तुझा हात टिंबं काढायला बसलेला आहे. हलत नाही. बस."

"बाई, मला नाही येणार. मोडलं तर?"

"मोडेल थोडं. माझ्याकडूनही मोडलं आहे."

"पण... थोडं थांबू या ना. घाई नको, तुम्हीच म्हणता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

"त्याला घाई नाहीच," त्या म्हणाल्या. "मला आहे."

मी बसले.

*

पहिले काही दिवस मी घामाने भिजायची. बाई मागे उभ्या राहून सांगायच्या. "दाबू नकोस. सुईने विचार, सुटतोस का. सुटत नसेल तर सोड, दुसरीकडून विचार." हळूहळू हाताला कळायला लागलं. दगड सुटताना चुरचुरतो, हाडाजवळ आलं की आवाज बदलतो, बारीक होतो. बाई डोळे मिटून तो आवाज ऐकायच्या आणि माझ्याआधी म्हणायच्या, "थांब."

उन्हाळा होता. बाहेर लू वाहत होती, लाइट गेलेली. खिडकीत आरसा ठेवून बाईंनी उन्हाचा एक तुकडा दगडावर पाडला होता. मी छातीखालच्या पंज्याकडे निघाले होते, शेपटीच्या वळणातून. तिथे काहीतरी उघडं पडलं. दोऱ्याएवढं, पांढुरकं. मला वाटलं बोट असेल. पण फार बारीक होतं. मी ब्रश फिरवला. शेजारी आणखी एक. त्याच्याशेजारी आणखी एक. एका ओळीत, कंगव्याच्या दातांसारखी.

"बाई, ही बोटं नाहीत. बरगड्या आहेत. पण याच्या बरगड्या तर वर आहेत."

बाईंनी मला उठवलं. त्या बसल्या, डोळे सूक्ष्मदर्शकाला लावले आणि कितीतरी वेळ हलल्याच नाहीत. त्यांचा हात मात्र मांडीवर हलत होता. मग त्या म्हणाल्या, "सुई खाली ठेव."

ती माझ्या हातातच होती. मी ठेवली.

"हे त्याचं नाही," बाई म्हणाल्या.

"मग कुणाचं?"

"दुसऱ्याचं आहे."

त्यांनी माठातलं पाणी मागितलं. पेला मला धरावा लागला.

त्या लहानाला मोकळं करायला सबंध पावसाळा गेला. शेपटीच्या वळणात ते होतं, जसं कुशीत असावं तसं. डोकं चिंचोक्याएवढं. पुढच्या पायाचा पंजा माझ्या नखावर मावला असता, आणि त्यालाही पाच बोटं होती, आणि प्रत्येक बोटाला टोकाशी नखी होती. जबडा उघडा पडला तेव्हा बाईंनी मला मोजायला लावलं. दातांची एकच रांग होती. बाकीच्या यायच्या होत्या.

मी रडले. मला ते सांगायला लाज वाटत नाही, तुम्हीही रडला असता. "बाई, आई आहे हो ही. आई आणि पिल्लू."

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला, वर्गात व्हायचा तसा. "आई म्हणायचं नाही. मोठं आणि लहान म्हण. नर की मादी, माहीत नाही. नातं काय, माहीत नाही. खायला धरलं असेल, तेही सांगता येत नाही. दोघं जवळजवळ होते, एवढंच दिसतं. त्याच्या पुढे बोलायचं नाही."

मी नाक पुसलं आणि चित्राखाली लिहिलं, मोठं व लहान.

पण त्याच भाद्रपदात पूर ओसरला तेव्हा बाई मला घेऊन पंचगंगा घाटावर आल्या. पायऱ्या अर्ध्याअधिक गाळाखाली होत्या. माणसं पाण्याचे फवारे मारून गाळ नदीत ढकलत होती. एक पायरी दिसायची, मग तिच्याखालची. बाई काठी टेकत खाली गेल्या, मूठभर गाळ उचलला आणि बोटांनी मळत राहिल्या. लोण्यासारखा मऊ होता तो.

"असाच असणार," त्या म्हणाल्या. "बीळ असेल नदीकाठी. दुपारचं ऊन नको म्हणून आत शिरले असतील. वर कुठंतरी पाऊस झाला असेल. पाणी आलं, गाळ आला, बिळाचं तोंड बुजलं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "हालचाल केल्याची खूण नाही गं कुठं. मोठ्याला निघता आलं असतं. पाय बघ त्याचे, केवढे मजबूत आहेत."

एवढं बोलून त्यांनी हात नदीत धुतला.

*

मी घरी याशिवाय दुसरं काही बोलतच नव्हते, म्हणून असेल, पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "मला दाखव तुमचं ते."

आप्पा विभागात आले ते धोतर-उपरण्यात. शिपाई उठून उभा राहिला. बाईंनी स्टूल पुढे केलं. सूक्ष्मदर्शकाला दोन डोळे लावायचे असतात हे सांगूनही आप्पांनी एक मिटला. मी दगड हळूहळू सरकवत गेले. मोठ्याचं डोकं, दात, पंजा, कणा. मग शेपटी. मग तिच्या वळणात ते लहान.

आप्पांनी मान वर केली. मग त्यांनी दगडाला हात जोडले.

"गुरुजी, नमस्कार कशाला?" बाई हसून म्हणाल्या. "हा काही देव नव्हे."

"कोण आहे ते मला कुठं माहीत आहे? म्हातारं माणूस आहे, एवढं दिसतंय. म्हाताऱ्यांना करतो मी नमस्कार." मग त्यांनी विचारलं, "हे आपलं कोण लागतं?"

मला वाटलं बाई पुन्हा हसतील. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून आप्पांच्या समोर बसल्या.

"आजोबा नाही म्हणता येणार. सरळ रेषेत नाहीत ते. फार फार मागच्या आजोबांचा चुलत भाऊ समजा."

"म्हणजे चुलत आजोबा."

"तसं म्हणा."

"वंश चालला त्यांचा?"

"नाही, गुरुजी. पुढे एक काळ असा आला की जगातलं बहुतेक सगळं जिवंत मेलं. पाण्यातलं, जमिनीवरचं. यांच्या घराण्यातलं कुणी उरलं नाही. दुसऱ्या शाखा थोड्या तगल्या, त्यातले आपण."

"निर्वंश," आप्पा म्हणाले. त्यांनी तो शब्द अगदी हळू उच्चारला. त्यांच्या कामात त्या शब्दाचा अर्थ फार सरळ असतो. मागे पाणी द्यायला कुणी नाही.

बाईंचा या कशावर विश्वास नव्हता, आणि तो नाही हे त्या लपवतही नसत. मेलेल्याला पाणी पोचत नाही यावरून आप्पांशी त्यांचा जिन्यात उभ्या उभ्या कितीदा वाद झाला होता. त्या दिवशी दोघंही त्या विषयावर आले नाहीत. आप्पांनी बाईंच्या हलणाऱ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "जपा." आणि निघाले.

सर्वपित्री अमावास्येला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. आप्पा संध्याकाळी उशिरा परतले, आवाज बसलेला. बाई आमच्याकडे चहाला बसल्या होत्या. आप्पा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "बाई, आज तुमच्या त्यांना पाणी दिलं."

"कुणाला?"

"चुलत आजोबांना."

आईने माझ्याकडे बघितलं. बाईंच्या हातातला कप बशीत खडखडायला लागला होता.

"नाव काय घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"नाव-गोत्र माहीत नाही त्यांची सोय असते शेवटी. ज्यांचं मागे कुणी उरलं नाही, जे कुणी, जिथं कुठं असतील ते, सगळे. ती ओंजळ मी जन्मभर सोडत आलो. कुणासाठी सोडतो ते कधी मनात आलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी डोळ्यांसमोर होतं."

बाहेर गल्लीतून सायकलवाला घंटी वाजवत गेला. मग बाईंनी मान खाली घालून, कपाकडे बघत विचारलं,

"आणि लहान?"

"लहानालाही," आप्पा म्हणाले.

बाईंनी मान हलवली. कप खाली ठेवला आणि जिन्यातली दोरी धरून वर चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी विभागात मी चित्र पुढे केलं तर त्यांनी नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितलं, "लहानाची डावी बरगडी जरा जास्त ठाम झाली आहे. टिंबं कमी कर."

*

त्या दोघांचं वर्णन पुढे छापून आलं. बाईंनी सांगितलं, मी लिहून घेतलं, कारण त्यांचं अक्षर आता मुंगीएवढं झालं होतं. त्यात लहानाबद्दल इतकंच आहे, की मोठ्या नमुन्याच्या शेपटीलगत त्याच प्रकारचा एक लहान नमुना आढळला. मी म्हटलं, एवढंच? बाई म्हणाल्या, एवढंच.

थंडीत त्या निवृत्त झाल्या. नागपूरला भाऊ होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. सामान म्हणजे पुस्तकं आणि खडे. समोरच्या काकू डबाभर लाडू घेऊन वर गेल्या आणि रडत खाली आल्या.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, मला पलीकडच्या वाळूवर जायचं आहे. इतकी वर्षं घाटावर राहून त्या कधी पलीकडे उतरल्या नव्हत्या. आम्ही नाव केली. धुकं विरत होतं. नाववाल्याने त्यांना दोन्ही हात धरून उतरवलं. "माई, सँभार के." त्यांनी चप्पल नावेतच ठेवली.

पाण्याच्या कडेने ओल्या वाळूतून त्या चालत गेल्या. मी मागे राहिले, कारण त्यांनी हाताने तसं खुणावलं. बरंच अंतर गेल्यावर त्या उभ्या राहिल्या, मागे वळून त्यांनी स्वतःच्याच पावलांकडे बघितलं आणि मला बोलावलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

मला काय म्हणायचं ते कळेना. मग त्यांनीच वाचलं, काठीने एकेक ठसा दाखवत.

"दोन पायांचा प्राणी. पूर्ण वाढलेला. उजवा पाय ओढतो आहे, बघ, बोटांची रेघ उमटली आहे. टाच नीट टेकत नाही. पावलं आखूड होत गेली आहेत. इथपर्यंत सरळ आला. इथं थांबला." काठी त्यांच्या पायांजवळ आली. "इथं वळला. कशासाठी वळला असेल, ते मात्र सांगता यायचं नाही कुणाला."

त्यांचं तोंड पलीकडच्या काठाकडे होतं. तिथे ऊन नुकतंच पंचगंगेच्या पायऱ्या चढायला लागलं होतं. वर मशिदीचा घुमट, त्याच्या बाजूला घरांची दाटी, आणि त्या दाटीत कुठेतरी आमची गल्ली.

दुसऱ्या दिवशी त्या नागपूरला गेल्या. पुढचा पावसाळा लागायच्या आधी नागपूरहून फोन आला, की बाई राहिल्या नाहीत.

पण त्या सकाळी त्यांना वाळूवरून निघायचंच नव्हतं. नाववाल्याने दोनदा हाक मारली. त्या तशाच उभ्या होत्या, काठीवर दोन्ही हात ठेवून, आणि ते हात काठीवर आपापले हलत होते. खाली ओली वाळू त्यांच्या पायांभोवती हळूहळू खचत होती, पाणी झिरपून कडेला भरत होतं. शेवटी मी त्यांचा दंड धरला आणि त्यांनी पाय उचलले. मी मागे बघितलं. त्या जागेचे दोन ठसे बाकीच्या सगळ्या ठशांपेक्षा खोल उमटले होते.